फक्त ड्राय क्लीन

पदराच्या कोपऱ्यात शिवलेली चिठ्ठी:
टबाचं चित्र, त्यावर फुली.
म्हणजे पाणी नाही.
निखारेबाई म्हणाल्या, "लेकीच्या साक्षगंधात
विहिणीच्या हातून रस्सा सांडला.
आंधळगावचा कोसा आहे, भाऊ. जपा."

मागच्या खोलीत बाबांचा पिंप आहे अजून,
झाकण गंजून बसलेलं.
मोहाडीत त्याला ड्रायक्लीन म्हणायचे
आणि होतं ते पंपावरचं पेट्रोल.
बाबा विडी बाहेर विझवून आत जायचे,
लग्नांचे कोट बुचकळायचे.
हात कोपरापर्यंत पांढरे, भेगाळलेले.
भात कालवताना मीठ झोंबायचं,
म्हणून आई कालवून द्यायची.

मी सुधारलो. नागपूरहून निळे कॅन आणले.
वास गोडसर, नासक्या सीताफळासारखा.
दुपारी डोकं जड,
रात्री वनमाला कूस बदलून म्हणायची,
"तुमच्या अंगाले मोटारस्टँड लागला."
उरलेलं नालीत. नाली बोडीत.
धीवरांच्या पोरानं एकदा विचारलं,
पाण्यावर इंद्रधनुष्य कुठून येते?
मी म्हटलं, माहीत नाही.

या खेपेला कॅन रिकामा होता, एवढंच.
साडी पिशवीत घातली, मोपेड काढली,
ज्या गावात विणली त्या गावात गेलो.
दौलत पराते मागावरून उठले नाहीत.
चिठ्ठी वाचायला चष्मा मागवला,
मग हसले.
"कोसा काहून पाण्याले भेईन?
अळीनं घर बांधलं ते ऐनाच्या झाडावर,
भर पावसात लटकून रायते.
आमी त्याले उकळत्या पाण्यात टाकतो,
तवा कुठी धागा सुटते."
आणि मूठभर हिंगणबेट दिले,
सुकलेले, सुरकुतलेले.

आधी डागावर तांदळाचं पीठ, रात्रभर.
त्यानं तेल पिऊन घेतलं, पिवळं झालं.
हिंगणबेट भिजवले, कुस्करले, गाळले.
फेस जेमतेम. मला विश्वास बसेना.
थंड पाणी, पिळायचं नाही,
टॉवेलात गुंडाळून नुसतं दाबायचं.

तेल गेलं. हळद राहिली.
हळदीला ऊन लागतं, कोशाला सावली.
मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं
आणि डाग तेवढा फटीतल्या उन्हात धरून बसलो.
ऊन सरकलं की मी सरकायचो.
दोन गिऱ्हाइकं परत गेली.
तिसरं वाकून बघून म्हणालं,
बरं हाय ना, भाऊ?

निखारेबाईंनी पदर दिव्याखाली धरला.
नखाएवढी पिवळी सावली आहे अजून, मीच दाखवली.
त्या म्हणाल्या, असू दे, निरीत जाईल.
पदर निरीत जात नाही,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.
साडी नाकाशी नेली, थांबल्या.
"वास कशाचाच नाही?"
मग, "किती झाले?"

भिंतीवरचं दरपत्रक बाबांच्या हातचं.
कोट, शालू, ब्लँकेट, सगळं कोरडं.
पाण्याचा भाव त्यात नाही.
मी काहीतरी सांगितलं, कमीच.

रात्री भात कालवला.
मीठ जरा जास्तच घेतलं.