न निघालेला धूर

फॉर्मचं चौथं पान मराठीत मीच केलेलं आहे,
कळंबच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानात बसून,
पानाला दीडशे रुपयांनी.
'उत्सर्जन' लिहिलं. खोडलं नाही.
दुसरा शब्द होता कुठे?
दुकानातला रईस वाकून म्हणाला, विसर्जन लिहायचंय का मॅडम,
गणपतीला अजून अवकाश आहे.

मग एक वाक्य आलं, त्याच्यावर दुपार गेली:
जो धूर माझ्या चुलीतून यापुढे निघणार नाही
त्या न निघालेल्या धुरावरचा हक्क
मी राजीखुशीने कंपनीला देत आहे.
व्याकरण बरोबर होतं.
तीनदा तपासलं, व्याकरण बरोबरच होतं.


प्रयागबाईच्या दारात ताणकाटा टांगला.
तुराट्या, दोन किलो सहाशे.
पऱ्हाट्या, दीड. गवऱ्या
रकान्यात बसत नाहीत, त्यांना 'इतर' म्हणायचं.
मांजरेच्या फुगवट्याला तेव्हा नुसत्या भेगा
आणि एका भेगेत कुणाची तरी रबरी चप्पल.

"हे कोण मागवतंय?"
मला कळलं होतं तेवढं सांगितलं:
लांब एका शहरात दोनशेक देश जमले,
प्रत्येकापुढं पाण्याची बाटली आणि नावाची पाटी,
आणि पहाटेपर्यंत एका क्रियापदावर अडून बसले,
'करतील' लिहायचं की 'करावं'.
"मग काय लिव्हलं?"
करावं.
ती हसली. "सोयरिकीतबी असंच असतंय.
'देऊ' म्हणलं की द्यावं लागतंय.
'बघू' म्हणलं की मांडव मोकळा."

मग सूप खाली ठेवलं तिनं.
"माझा धूर. त्यो निघालाच न्हाई.
आन् इकला?"
हो.
"कुणाला?"
ज्यांचा निघतो आणि ज्यांना थांबवायचा नाही, त्यांना.
(हे वाक्य चौथ्या पानावर नाही.)
"बाजारात तुरी..."
एवढंच म्हणाली.
सुपात तुरी होत्याच.


शाईचा पॅड उन्हानं खडखडीत वाळलेला.
पाणी टाकून पाहिलं, थुंकी लावून पाहिली.
तिनं भिंतीचा तवा काढून उलटा केला,
बुडावर अंगठा फिरवला
आणि चौथ्या पानाखाली, ठिपक्यांच्या ओळीवर, दाबला.
तीस वर्षांचा धूर.
निघालेला.
एवढुसा, लांबट गोल, रेघारेघांचा.

फोटो पाठवायला लिंबाखाली जावं लागलं,
तिथंच रेंज येते.
उत्तर आलं: ठसा अमान्य. निळी शाई वापरावी.
वापरावी.
आमच्यासाठी तेच क्रियापद किती पक्कं होतं!


पंधरा दिवसांनी निळा पॅड घेऊन गेले.
नव्या चुलीवर चहा झाला, दोन काड्यांत, खरंच,
डोळ्यांत पाणी न येता.
चांगलीय, म्हणाली, नातवाचं खोकणं कमी झालंय.
भाकरी मात्र जुन्या चुलीवर.
नवीवर तवा डगमगतो,
आणि भाकरीला आर लागतो बाई,
आर म्हंजी काय, ठावं हाय ना तुला?

'जुनी चूल वापरात आहे का?'
होय. नाही.
तिसरी चौकट नाही.

भाकरी टम्म फुगली. पहिली माझ्याच ताटात पडली.
मी बोट तसंच धरून बसले.
स्क्रीन काळी झाली.
पुन्हा लावली,
पुन्हा काळी झाली.