चार बोटं मोकळी

वहीच्या पहिल्या पानावर मी आकडे मांडले,
लाकूडगिरणीच्या कचेरीत तेहेतीस वर्षं मांडले तसेच:
ओंडके, छप्पर, तीन पदरी काचा,
विहीर, वीज, दगडी भट्टी,
आणि तळाशी लाल शाईत
अनपेक्षित: दहा टक्के.

आधी सौना बांधला. इथे सगळे तसंच करतात.
घर उभं राहीपर्यंत माणूस सौन्यातच राहतो,
वरच्या फळीवर अंथरूण, खालच्या फळीवर नकाशे.
अजूनही त्या नकाशांची घडी उघडली
की मला घाम फुटतो.

मे महिन्यात रस्ता मऊ, जड ट्रक बंद.
जूनमध्ये खणायचं.
जुलैत अख्खा देश सुट्टीवर,
प्लंबरसुद्धा, प्लंबरचा फोनसुद्धा.
ऑक्टोबरच्या आत छप्पर हवंच,
कारण जमीन एकदा गोठली
की कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

कायद्याने देखरेखीला जबाबदार माणूस लागतो.
मला मिळाला तौनो हिर्वेला,
सत्तरीचा, कानात यंत्र, खिशात ओळंबा.
सगळी वही त्याने चष्मा न लावता वाचली
आणि म्हणाला, "ठीक. पण खणणार कोण?"

कुहमोच्या या बाजूला, चाळीस किलोमीटरांत,
एकच पोकलेन.
ते माझ्या भावाचं.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो,
तळ्याकाठच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावरून,
जिथे आता भूर्ज माजलेत
आणि दोघांपैकी कुणीच जात नाही.

फोन मी उभ्यानेच केला.
"एस्को, पाया खणायचाय."
पलीकडे इंजिन चालू होतं. ते बंद झालं.
"किती खोल?"
"दोन मीटर."
"सोमवारी."

सोमवारी, अकराच्या कॉफीआधी, बकेट खडकाला लागलं.
फोडायचा तर सुरुंग, परवाना, सहा हजार युरो.
एस्को खाली उतरला. खडकावर पाय ठेवून
बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला,
माझ्याकडे नाही.
मग कोपऱ्याची खुंटी उपटली,
सहा पावलं चालला, तिथे ठोकली.
"घर जरा फिरव," म्हणाला.
"खडक बाहेर राहील. बसायला होईल."

नकाशा बदलला, नगरपालिकेचा शिक्का नव्याने घेतला,
स्वयंपाकघरात सकाळ यायची होती, तिथे संध्याकाळ आली.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
माझे फिरले, सगळे बेचाळीस, अठरा अंशांनी,
आणि तरी कुणी माझ्यावर उलटलं नाही.

सप्टेंबर सरताना आढं चढलं.
रीतीप्रमाणे वाटाण्याचं सूप,
सुतारांना एकेक बाटली,
आढ्याच्या टोकाला स्प्रूसची फांदी.
एस्कोसाठी वाडगा काढून ठेवला होता. तो आला नाही.
आठवड्याने टपालाने त्याचं बिल आलं:
डिझेल, एकशे चाळीस लिटर.
बाकीचे रकाने कोरे.
मी तीनदा बेरीज केली.
एका ओळीची बेरीज
तीनदा केली.

ओंडक्यांचं घर बसतं, तौनोने समजावलं.
वाळतं, दबतं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त.
म्हणून प्रत्येक खिडकीवर चार बोटं मोकळी सोडायची,
तिथे लोकर भरायची, वरून पट्टी ठोकायची.
फट नाही ठेवली तर सगळा भार काचेवर येतो.
आणि व्हरांड्याच्या खांबांखाली हे जाड स्क्रू.
दर शरदात थोडे थोडे खाली घ्यायचे.
एकट्याचं काम नाही.
एकाने पाना फिरवायचा,
दुसऱ्याने लांब उभं राहून
बरोबर आहे की नाही ते सांगायचं.

"तुझ्याकडे आहे कुणी?"

बाहेर पहिलं हिम भुरभुरत होतं,
खडकावर अजून टिकत नव्हतं.
मी वही मिटली. लाल ओळीत अजून शिल्लक होती.
"छत्तीस नंबरचा पाना लागेल," तौनो म्हणाला.
माझ्याकडे नव्हता.
कुणाकडे आहे
ते मला माहीत होतं.