डोंगल

रात्री कॉम्प्युटर नवा झाला.
सकाळी मोडेम म्हणाला, मी मोडेम नाहीच,
मी सीडी आहे.

उश्गुलीचा रस्ता बर्फानं बंद
आणि दुरुस्तीची फाइल इंटरनेटवर,
म्हणजे किल्ली कुलपाच्या आत.

मक्वालानं डोंगल काढला, फुंकर मारली,
दुसऱ्या खाचेत घातला, पुन्हा पहिल्या.
जुना ड्रायव्हर पुसला.
मग शिव्या हासडल्या, अस्सल स्वानीत.

शेजारचा बेक्नू स्की बांधून मेस्तियाला गेला,
दुसऱ्या दिवशी अंधारता परतला,
हातमोज्यात पेनड्राइव्ह, अंड्यासारखा जपलेला.

एक ओळ टाइप केली. एंटर.
लाल दिवा विचारात पडला
बराच वेळ.
मग निळा.

पहिला निरोप तिबिलिसीहून, मुलाचा,
परवा रात्रीचा:
आई, ते अपग्रेड विचारेल,
नाही म्हण.