भांगाचे दिवस

"उधाणाला येऊ नको," राही पड्याळ म्हणाली,
"अमावस-पुनवेला आमी चिखलात.
अष्टमीला ये. भांगाला.
पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय,
बाया घरात गावतात."

तेव्हापासून माझं संशोधन तिथीवर चालतं.
शकूर होडेकर तरीतून सोडतो कातळभाटीच्या धक्क्याला.
खाडीच्या वरच्या अंगाला, वळणापलीकडे,
कारखान्यांचे दिवे भर दुपारी चालू.
माझ्या पिशवीत कात्री, दोरा, प्लास्टिकच्या पुड्या
आणि चौदा प्रश्नांचा कागद.

ओट्यावर बाया पाठमोऱ्या बसतात.
मानेच्या वर, कवटीला लागून, भांग पाडायचा,
पेन्सिलीएवढी जाड बट कापायची,
मुळाकडच्या टोकाला लाल दोरा.
केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, मी सांगते,
खाल्लेलं सगळं लिहून ठेवतो.
"मंग सासूनं काय काय खाऊ दिलं नाय
ता पन गावंल?"
सगळा ओटा हसतो.

प्रश्न सातवा : बोटांना मुंग्या येतात का?
राही हात पुढे करते.
"चिखलात तिसरी बोटाला कळायची,
दगडापास्नं येगळी.
आता रगत आलं की कळतंय, काय तरी हाय."
मी 'होय'वर खूण करते.
रक्ताला रकाना नाही.

दोन दिवस मुक्काम तिच्याच घरी.
तिसऱ्यांचं सुकं, मुळ्यांचं सार,
निघताना डबा, तो रिकामा परत न्यायचा नाही.
आठव्या महिन्यात तिने कात्री घेतली माझ्या हातून :
"सगळ्यांची नेलीस. आता तुजी."
लांबलचक बट, वेडीवाकडी कापलेली.
मी पुडीवर लिहिलं : बाहेरची व्यक्ती, तुलनेसाठी.

मार्गशीर्षात प्रयोगशाळेचा कागद आला.
माझ्या शेंड्याकडे शहर : पारा नगण्य.
मग मुळाकडे येता येता आठ सेंटिमीटर,
एकेक पायरी वर,
प्रत्येक डबा आपापल्या जागी.
राहीच्या केसाला पायऱ्या नाहीत.
शेंड्यापासून मुळापर्यंत तीच खाडी.
'आधी' असलेली सगळ्या गावात
एकटी मी.

सर म्हणाले, नमुना एक, तोही संशोधिकेचाच,
तळटीपेतसुद्धा बसणार नाही.
लिहा : संबंध आढळतो, कारण सिद्ध होत नाही.
लिहिलं.
वाक्य खोटं नाही.
ते धड चढत नाही, धड उतरत नाही.

पौषातली अष्टमी.
ओट्यावर सगळा कागद वाचून दाखवला,
पारा, प्रमाण, काय टाळायचं.
कुणी हसलं नाही.
राहीने विचारलं, "तिसऱ्या सोडून काय खायाचं,
ता लिवलंय काय त्यात?"
मी कागद उलटा करून पाहिला,
मागे काही नसतं हे माहीत असताना.

ती आत गेली.
ताट घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं,
आणि पाठ झालेला चौदावा प्रश्न
माझ्याच सुरात मला विचारला :
"गेल्या आठवड्यात किती वेळा?"

ओल्या खोबऱ्याची वाफ चष्म्यावर आली.
धक्क्याशी पाणी
एकाच दगडावर थांबलेलं.