अ‍ॅकॉर्डियन कुठल्या रकान्यात

डलूथला मार्चमध्येही सरोवर गोठलेलं असतं.
वकीलबाईंच्या टेबलावर पेपरमिंटची वाटी
आणि दिवाळखोरीचा जाडजूड फॉर्म.

गाडी कितीची?
पुढचे टायर नवे आहेत, तेवढ्याची.
घर बँकेचं. पाने-पकडी माझ्या.
पोटापाण्याची अवजारं बहुतेक राहू देतात, म्हणाल्या.
मग अ‍ॅकॉर्डियन?
त्यावर वर्षात किती कमावलंत, मिस्टर हॉगन?
दोन लग्नं. एक मयत,
तिचे घेतले नाहीत.
पेन जरा वेळ हवेतच राहिलं.

बायकोचे दागिने?
मार्लिस नाही आता. अंगठी आहे, साबणाच्या डबीत.
लिहा.

गेल्या वर्षभरात कुणा नातलगाचं काही फेडलंत?
इथे मी खिडकीबाहेर बघितलं.
नोव्हेंबरात बहिणीचे नऊशे डॉलर दिले होते,
सगळ्यांच्या आधी तिचे,
कारण तिने कधी मागितले नाहीत.
तेवढं एक तरी धड केलं, असं वाटत होतं.
तेच परत मागू शकतात, वकीलबाई म्हणाल्या,
तिच्याकडून.
कायद्याला क्रेडिट कार्डवाले आणि आर्डिस सारखेच.

पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन लावला.
मागे नळ चालू होता, ताटल्या विसळत असावी.
मी नीट सुरुवातही केली नव्हती.
पैसे ना? म्हणाली,
पाकीट तसंच आहे, फोडलंच नाही मी.
रविवारी ये.
आणि ती पेटी आण,
विकली नसशील तर.