मर्जी

हार्टलपूलला जानेवारीत चारलाच अंधारतं.
समुद्रावरून वारा असा येतो
की पिशवीतल्या खेळण्यांनाही हुडहुडी भरावी.
पिशवीत सहा लाकडी ठोकळे, कापडी चेंडू,
एक पुठ्ठ्याचं पुस्तक, घरोघरी पुसून
डेटॉलच्या वासाचं झालेलं,
आणि फॉर्म. कोल्बी. वय वर्षे दोन, महिने तीन.

लिअ‍ॅन दार उघडते आणि आधी माफी मागते,
पसाऱ्याची, थंडीची, पोराच्या नाकाची.
सगळ्याच मागतात.
अगं राहू दे गं, असं मला म्हणायचं असतं,
पण त्या 'गं'ला इंग्रजीत जागाच नाही.
मी बूट काढते. तेवढंच.

फॉर्म विचारतो: सहा ठोकळे एकावर एक रचतो का?
कोल्बी ठोकळे बघतो. एक हुंगतो.
तो घेऊन सरपटत टेबलाखाली जातो
आणि तोकड्या पायाखाली सरकवतो,
जिथे आत्तापर्यंत घडी घातलेला पुठ्ठा होता.
बाहेर येऊन दोन्ही हातांनी टेबल दाबतो.
हलत नाही.
मग आमच्याकडे बघतो,
काम संपल्यावर गवंडी मालकाकडे बघतो तसा.
उरलेल्या पाचांशी त्याला कर्तव्य नाही.

चौकटी तीनच: होय, कधीकधी, अजून नाही.
माझं पेन अधांतरी.

फॉर्म विचारतो: दोन शब्द जोडून बोलतो का?
लिअ‍ॅन नखं कुरतडते. "एकसुद्धा नाही.
माझंच चुकलं. रात्रभर म्हाताऱ्यांच्या होममध्ये ड्यूटी,
दिवसा डोळे मिटतात.
त्याच्याशी बोलायला मी जागी असते कुठे?"

तेवढ्यात भिंतीवरचं जुनं मीटर टुकटुकतं
आणि दिवा जातो.
काळोखात, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून
खणखणीत आवाज येतो:
"मर्जी!"

अंगावर काटा आला माझ्या.
या गावात, या पोराला, हा शब्द?
लिअ‍ॅन हसत भिंत चाचपते, चावी खुपसते, बटण दाबते.
"इमर्जन्सी म्हणतोय. उसने पाच पौंड.
मीटर आज देतं, मागाहून कापून घेतं."
दिवा आला. कोल्बीने टाळ्या पिटल्या.
मला मात्र ऐकू आलं होतं ते
अजून कानातून जात नव्हतं.

सोलापुरात माझी आई विड्या वळायची.
मारुतीच्या देवळामागे पत्र्याची बालवाडी,
अकराला सुकडी, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर.
महिन्यातून एकदा बाई आम्हांला
झोळीत घालून काट्याला टांगायच्या
आणि रंगीत पट्ट्यांवर टिंब द्यायच्या.
मी पिवळ्या पट्ट्यात होते, पुष्कळ दिवस.
माझा पहिला शब्द कोणता, आईला विचारलं होतं.
ती पान कातरत म्हणाली, "हजार."
हजार विड्या वळल्या की दिवस संपायचा.
बाईंच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

"पंधरा तास," मी लिअ‍ॅनला सांगते,
"आठवड्याचे पंधरा तास, फुकट.
ईस्टरनंतर चर्चच्या हॉलमध्ये जागा आहे.
वाळूची पेटी, दूध, केळ्याच्या चकत्या,
आणि बोलणारी माणसं."
ती बोटांवर काहीतरी मोजते.
काय मोजते ते मला कळतं: झोप.
मोजू दे. झोपलेल्या आईचं पोर
आईला जागं बघेल चार वाजता,
ही काही लहान गोष्ट नाही,
कुठल्याच फॉर्मवर नसली तरी.

शब्दांपुढे 'अजून नाही'वर खूण करते,
कारण त्या खुणेवरच ती जागा मिळते.
खाली 'इतर निरीक्षणे', दोन ओळी.
लिहिते: टेबल आता हलत नाही.

बसमध्ये पिशवी चाचपते. ठोकळे पाच.
ऑफिसात विचारतील सहावा कुठे गेला.
सांगेन,
तो कामाला लागला.