दोनशे चौऱ्याऐंशी पूर्णांक आठ

रात्री साडेअकरा. पंप अजून हवा उपसतोय.
खंडवा रोडवरचे ट्रक भिंतीपलीकडे ऐकू येतात,
आतल्या पोलादी पोटात मात्र
हवेच्या अब्जातला एक भागही उरलेला नाही.
"घाई केलीत बाई, तर दगड नाही, हवाच मोजाल,"
चौरसियाजी म्हणतात, आणि शेवेचा डबा उघडतात.
मी हातमोजा काढून चिमूटभर घेते.

दगड बालाघाटकडच्या खाणीतला.
नखाएवढा, पितळी, कडेला मोरपंखी झाक.
सोबत टेंभरेसाहेबांची चिठ्ठी:
खनिज तेच, तांबं तेवढंच.
पण ढीग दोन पावसाळे उघड्यावर राहिला
आणि आता टाकीत बुडबुडे त्याला धरत नाहीत.
बुडतं. का?

का.
पोटात कितीही तांबं असो,
बुडबुडा विचारतो फक्त वरच्या थराला.
आमचं यंत्रही तेवढंच ऐकतं:
केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करा,
त्यातला एक.
त्याखालून निघालेले वाटेत धडकतात, दमतात,
कुठून निघालो तेच विसरतात
आणि आलेखात नुसता चढ होऊन राहतात.

एक वाजता क्ष-किरण सोडले.
हिशेब किराणा दुकानातला:
दिले चौदाशे शहाऐंशी पूर्णांक सहा.
सुटलेला इलेक्ट्रॉन जे घेऊन आला, ते वजा.
यंत्राची थोडी दलाली, तीही वजा.
उरली ती तूट.
तेवढ्या जोरानं अणूनं त्याला धरून ठेवलं होतं.
सुटून गेल्याशिवाय हा आकडा कळत नाही.
अहवालात मी एवढं लिहीत नाही.

गंधकाचे दोन उंचवटे आले.
एकशे एकसष्टला जुना, घरचा.
एकशे अडुसष्टला दुसरा,
चारी बाजूंनी ऑक्सिजननं घेरलेला.
तर टेंभरेसाहेब, तुमचं खनिज आतून शाबूत आहे.
कातडी तेवढी पाण्याला सामील झाली.

आणि मग एक हजार बहात्तरवर,
जिथे मी काहीच धरलं नव्हतं,
टोकदार शेंडा.
सोडियम. खाली एकशे नव्व्याण्णवला क्लोरीन.
मीठ!
चौरसियाजींनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
छे, दगड संध्याकाळीच आत गेला होता.

हा घाम आहे.
ढिगावर वाकून कुणीतरी हाच तुकडा उचलला,
उघड्या हातानं,
झाक बघायला उन्हात फिरवला असेल,
मग पिशवीत टाकला.
बाई की बाप्या, ते यंत्र सांगत नाही.
"अरगॉन मारू? दोन मिनिटांत साफ."
"नको. गंधकाचं बिघडेल," मी म्हटलं.
ते खरंही आहे.

शेवटी कार्बन.
तो प्रत्येक नमुन्यावर असतोच.
कुणी आणत नाही, कुणी मागवत नाही;
हवेतला, तेलातला, बोटांवरचा, डिझेलचा.
आणि सगळी मापं आम्ही त्याच मळावरून लावतो:
तो दोनशे चौऱ्याऐंशी पूर्णांक आठवर बसतो असं धरायचं
आणि बाकी सगळ्यांना त्याच्यामागून सरकवायचं.
तो खरंच तिथे बसतो का, यावर जाणती माणसं भांडतात.
आम्ही धरून चालतो.

साडेचारला आमच्या गल्लीत नर्मदेचं पाणी येतं,
म्हणून मी घाईत.
चौरसियाजी दाराची मूठ रुमालानं पुसतात,
रोज पुसतात,
कुलूप घालतात,
आणि उघड्या हातानं एकदा ओढून बघतात.